फरार का गैरहजर

कागद हातात आला की महानंदाअक्का तो आधी उलटा करायच्या. समन्स असो, नोटीस असो, तलाठ्याचं पत्र असो, पुढची बाजू नंतर. अहमदपूरच्या कोर्टाच्या आवारात, बार रूमच्या मागच्या पत्र्याखाली त्यांचं टायपिंगचं टेबल होतं आणि त्याला लागून माझं, वकिलाचं. असं का करता म्हणून मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की पुढं छापलेलं असतं, ते सगळ्यांना सारखंच. बेलिफ गावात गेला, कोण भेटलं, कोण घरात असून न्हाई म्हणालं, कोण मागच्या दारानं गेलं, ते तो मागच्या बाजूला पेनानं लिहितो. माणसाचं काय झालं ते मागं असतं.

त्या उदगीरकडच्या. माहेरी कानडी बोलत, त्यामुळं पानं मोजताना ओठ कानडीत हलायचे. ठेंगणा बांधा, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. नवरा सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. मुलगा संगमेश सहा वर्षांचा असताना नवरा वारला आणि अक्कांनी लग्नाआधी शिकलेलं टायपिंग बाहेर काढलं. मी आलो तेव्हा मशीन जाऊन कॉम्प्युटर आला होता, पण त्या कीबोर्डवर मशीनसारखंच बडवायच्या. दर ओळीच्या शेवटी एंटर असं आपटायच्या की माझ्या टेबलावरचा चहा हलायचा.

आणि त्या भ्यायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं. कुत्र्याला भ्यायच्या, विजेच्या बटणाला भ्यायच्या, लिफाफ्यातून आलेल्या कुठल्याही कागदाला भ्यायच्या. पण सगळ्यात जास्त पोलिसांना. घरून कोर्टात यायचा सरळ रस्ता पोलीस ठाण्यावरून जातो. अक्का मोंढ्याच्या बाजाराला वळसा घालून यायच्या, पंधरा मिनिटं जास्त चालून. कोर्टाच्या गेटात आरोपींना आणणारी गाडी थांबली की त्यांचा हात पदराखाली त्या डबीवर जायचा आणि गाडी रिकामी होऊन परत जाईपर्यंत तिथंच राहायचा. वकील मंडळी हसायची. बाई फौजदारी अर्ज टाइप करते आणि हवालदार दिसला की प्रिंटरच्या मागं बघायला लागते.

या भीतीची एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, सुट्टीच्या दिवशी, दोघंच कामाला आलो होतो तेव्हा.

मशीनच्या काळात एका वकिलानं त्यांना अर्ज सांगितला. सांगितला तसा त्यांनी टाइप केला. त्यात नायगावकडच्या एका माणसाबद्दल वाक्य होतं की तो फरार आहे. वास्तविक तो हैदराबादकडं इमारतीच्या कामावर गेला होता. कसलं समन्स निघालं, कुणी घेतलं, त्याला पत्ताच नव्हता. पुढं तो बहिणीच्या लग्नाला गावी आला आणि हळदीच्या मांडवातून पोलिसांनी त्याला उचललं. अंगावर हळद तशीच. अकरा दिवस आत होता. सुटल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं की कागद अमुक बाईनं केलाय, म्हणून तो अक्कांच्या टेबलापाशी आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून विचारलं, "बाई, हा शब्द तुम्हीच टाइप केला का? आता खोडता येईल का?"

त्याला वाटत होतं, मशीनवर उमटलेला शब्द मशीनवरच खोडता येतो. अक्कांनी त्याला पाणी दिलं.

तेव्हापासून अर्थ कळल्याशिवाय त्या कुठलाही शब्द टाइप करायच्या नाहीत. वकील मजकूर सांगताना मध्येच थांबवून विचारायच्या, "साहेब, फरार का गैरहजर?" जाणूनबुजून दडून बसला तो फरार. आला नाही, एवढंच माहीत असलेला तो गैरहजर. घाईतले वकील चिडायचे, एकजण तर टेबल सोडून दुसऱ्या टायपिस्टकडं गेला तो कायमचाच. अक्का म्हणायच्या, जाऊ दे. शब्द कळला न्हाई तर बोट उचलत न्हाई, मी काय करू.

स्वतःची भीती त्यांनी पोरालाही दिली होती. संगू घरात शिरताना आधी दारात कागद पडलाय का बघायचा. त्याला ताकीदच होती, कागदाला हात लावायचा न्हाई, कुठं सही करायची न्हाई, आधी अव्वाला, म्हणजे आईला, सांगायचं. तो दहाएक वर्षांचा असताना शाळेतून चिठ्ठी आली. साधी पालकसभेची. त्यानं ती न उघडता दप्तरात ठेवली आणि शेजारच्यांच्या ज्वारीच्या कणगीत जाऊन बसला. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत सगळी गल्ली त्याला शोधत होती. अक्का हे सांगून हसायच्या. पोराची फजिती म्हणून मीही हसायचो.

संगू मोठा झाला, पुण्यात हॉटेलचा कोर्स केला, तिथंच स्वयंपाकी झाला आणि एका एजंटामार्फत स्पेनला गेला. समुद्राकाठच्या एका छोट्या गावात हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल होतं. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. सोमवारी अक्का आम्हाला सांगायच्या की तिकडं जेवायला रात्रीचे दहा वाजवतात, आणि भाकरीला काय म्हणतात, आणि समुद्राचं पाणी कसं निळं असतं.

मग सोमवारच्या गोष्टी बंद झाल्या. विचारलं की म्हणायच्या, नेटवर्क न्हाई तिकडं, डोंगरात काम लागलंय. दीड-दोन महिने असंच. टायपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या. एकदा त्यांनी प्रतिवादीच्या जागी वादीचं नाव टाकलं आणि मी दाखवलं तर खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, जणू मीच जजसाहेब आहे.

त्यानंतर एका बुधवारी अक्कांचा फोन बंद लागायला लागला. गुरुवारीही बंद, शुक्रवारीही. पक्षकार वैतागले. शुक्रवारी दुपारी टेबलं रिकामी झाल्यावर त्यांनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून फोन काढला. तो रुमालात गुंडाळलेला होता. सुरू केला आणि माझ्यापुढं धरून म्हणाल्या की एका पक्षकाराचा कागद हाय, त्याचा पोरगा बाहेर असतो, काय लिहिलंय बघा.

फोटोत घडी पडलेल्या कागदाचा अर्धा भाग होता. इंग्रजी अक्षरांत परदेशी भाषा, वर कोर्टाची मुद्रा. फोनच्या कॅमेऱ्यानं त्याचं मराठी करून दिलं होतं. बहुतेक सगळं विस्कटलेलं, एकच ओळ धड होती. मागणी असलेल्या व्यक्तीला बंडखोरीच्या स्थितीत घोषित करण्यात येत आहे.

नावाच्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला होता. फोन पुढं करताना तो जरा सरकला आणि नाव मला दिसलंच. मी तसं दाखवलं नाही. म्हणालो, तुमच्या पक्षकाराला सांगा घाबरू नका, फोनचं भाषांतर काहीही असतं.

"मागणी असलेला म्हणजे पोलिसांना हवा असलेला ना, वकीलसाहेब?" त्यांनी विचारलं. "आन बंडखोर. आजकाल असल्या शब्दावर पोरं कुठं जातात ते काय मला माहीत न्हाई का. घरावर येतील की हो."

त्या 'घरावर'नंतर त्यांना पक्षकाराचं सोंग पुढं नेता आलं नाही. खाली बसल्या. हात डबीवर. मग सगळं सांगितलं. संगूचा सात आठवडे फोन नाही. हा फोटो त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं पाठवलेला, पंजाबकडचा कुणी. कोर्टाची एक बाई येऊन कागद देऊन गेली, संगू खोलीवर नाही, बरेच दिवस नाही, एवढंच त्यानं हिंदीत लिहिलेलं. अक्कांनी त्याला उलट विचारलंही नव्हतं. फोन सुरू ठेवला तर कुणाला तरी पत्ता लागेल, असं त्यांना वाटत होतं. तीन दिवस त्या दार बंद करून, फोन डब्यात ठेवून जगत होत्या आणि रोज सकाळी कोर्टात येऊन लोकांचे अर्ज टाइप करत होत्या.

मला स्पॅनिशचा एक शब्दही येत नव्हता. पण माझ्या बायकोच्या मावसबहिणीची सून, सायली, पुण्यात असताना कंपनीचे स्पॅनिश कागद बघायची आणि आता नांदेडला घरूनच तेच काम करते, हे मला माहीत होतं. शनिवारी सकाळच्या बसनं आम्ही निघालो. फोटो पाठवून फोनवर विचारू म्हटलं तर अक्का ऐकेनात. कागद तारेवरून जायला नको, असं त्यांचं म्हणणं. लोह्याला दोन पोलीस बसमध्ये चढले, साधे ड्युटीवर निघालेले, आणि आमच्या पुढच्याच सीटवर बसले. अक्कांनी पिशवी पोटाशी धरली आणि नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सायलीचं घर तरोडा नाक्याजवळ. पोरगी साधी, नीट बोलणारी. तिनं फोटो मोठा करून वाचला आणि आधीच सांगितलं की मी मशीनची पुस्तकं भाषांतरित करते, कायद्याचं कधी केलं नाही, तेव्हा अंदाजानं बोलणार नाही. शब्द होता रेबेल्दीआ. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बंडखोरीच. हट्टी पोराला, वळण नसलेल्या केसांनासुद्धा तिकडं त्यावरूनच म्हणतात. अक्कांचा चेहरा उतरला. तेवढ्यात सायली म्हणाली, थांबा, कोर्टात त्याचा वेगळा अर्थ असेल, आणि तिनं कॉम्प्युटरवर कायद्याचा कोश उघडला.

तिनं वाचून दाखवलं. कोर्टानं बोलावूनही जो मुदतीत येत नाही, तो रेबेल्दीआत आहे असं कोर्ट जाहीर करतं. राजाच्या हुकमाला न जुमानणारा, असा कधीतरी जुना अर्थ असावा, आता राहिलाय फक्त शब्द. पण पुढं दोन फाटे होते. खटला फौजदारी असेल तर रेबेल्दीआ म्हणजे फरार, त्याला धरून आणण्याचा हुकूम निघतो. दिवाणी असेल तर रेबेल्दीआ म्हणजे नुसतं न येणं. काम त्याच्याशिवाय पुढं चालतं, बाकी काही नाही.

"म्हणजे एकतर्फी," मी म्हणालो.

"पण हे यातलं कुठलं, ते मला सांगता येणार नाही," सायली म्हणाली. वरच्या मुद्रेवरून काही कळत नव्हतं. त्या गावचं कोर्ट छोटं, दिवाणी-फौजदारी दोन्ही तिथंच चालतं. घडीमुळं खटल्याचं नाव झाकलं गेलं होतं.

एकाच शब्दात फरारही होता आणि गैरहजरही, आणि कुठला ते सांगणारं तिथं कुणी नव्हतं. मला हळदीतला तो माणूस आठवला. अक्कांनाही आठवला असणार.

मग अक्का खुर्ची ओढून कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ गेल्या. चष्मा लावला. भाषा येत नव्हती, लिपी धड लागत नव्हती, पण कागद कागदच होता. तीस वर्षं त्या कागदच मांडत आल्या होत्या. त्यांनी बोट ठेवलं. "हे वरचं नाव कुणाचं?"

सायली म्हणाली, एका बाईचं आहे. त्याखाली तुमच्या मुलाचं.

"बाईच्या नावापुढं काय लिहिलंय?"

"देमान्दान्ते. मागणी करणारी."

"आन संगूच्या पुढं?"

"देमान्दादो. ज्याच्याकडं मागणी केली तो."

"सरकार कुठं हाय यात? सरकारी वकील, पोलीस ठाणं, गुन्हा नंबर?"

सायलीनं पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं. नव्हतं. अक्कांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. "फौजदारीत वर सरकार असतं, वकीलसाहेब. हितं माणूस माणसाच्या समोर हाय. वादी, प्रतिवादी. दिवाणी हाय हे."

पंधरा वर्षं वकिली करून मला ते सुचलं नव्हतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पाणी मागितलं आणि तांब्या संपवला. सायलीनं आणखी एक गोष्ट शोधून सांगितली. तिथल्या दिवाणी कायद्यात स्पष्ट लिहिलंय म्हणे, की माणूस आला नाही याचा अर्थ त्यानं समोरच्याचं सगळं कबूल केलं असा धरायचा नाही. मागणारीला आपलं म्हणणं सिद्ध करावंच लागतं. हे अक्कांनी दोनदा वाचून घेतलं.

सोबत्याला निरोप गेला, घडी उघडून दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. तिकडं उजाडायला वेळ होता. आम्ही सायलीकडं जेवलो. अक्कांनी चार घास नीट खाल्ले.

फोटो आले ते आम्ही निघायच्या तयारीत असताना. पहिल्या फोटोत खटल्याचं नाव होतं. सायलीनं वाचलं आणि अडखळली. मग सांगितलं, घटस्फोट. वरची बाई संगूची बायको होती.

अक्कांना पोराचं लग्न झाल्याचं माहीत नव्हतं. त्यांना ते त्याच्या घटस्फोटाच्या कागदातून कळलं. मला वाटलं, आता रडतील, संतापतील. त्यांनी फक्त नाव पुन्हा म्हणून घेतलं, जिभेवर बसेना म्हणून तिसऱ्यांदाही विचारलं. मग म्हणाल्या, "मागची बाजू वाचा."

मागच्या बाजूला चारच ओळी होत्या. सायलीनं त्या मनात वाचल्या आणि लगेच मराठीत सांगितल्या नाहीत. अक्कांना तिच्या तोंडावरून कळलं असावं. प्रतिवादी दिलेल्या पत्त्यावर सापडत नाही. सध्याचा ठावठिकाणा माहीत नाही.

हे शब्द अक्कांनी वर्तमानपत्रात द्यायच्या नोटिसांसाठी शेकडो वेळा टाइप केले होते. परागंदा नवरे, वारसाच्या भांडणातले भाऊ. त्यांतले किती परत आले आणि किती विहिरीत, रुळावर सापडले, हेही त्यांना माहीत होतं. सकाळपासूनची भीती पोलिसांची होती. ही वेगळी होती. त्यांनी डबीला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसल्या.

मी सोबत्याला फोन लावला. तो भला माणूस होता, मोकळेपणानं बोलला. नवराबायकोचं पटेना म्हणून संगू त्याच्या खोलीवर राहायला आला होता. दोन महिन्यांपूर्वी कोर्टाचं पाकीट आलं. संगूनं त्यावर फोन धरून ते वाचलं, पुन्हा वाचलं, त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची बॅग घेऊन गेला, फोनचं कार्ड टेबलावर काढून ठेवलं होतं. ते पाकीट अजून गादीखाली होतं. त्यानं त्याचाही फोटो पाठवला.

ते साधं समन्स होतं. खाली, सगळ्या समन्सांवर असतो तसा, छापील इशारा होता. मुदतीत हजर न झाल्यास रेबेल्दीआत असल्याचं जाहीर करण्यात येईल. सायलीनं सहज आपला फोन त्या ओळीवर धरला. फोननं लिहिलं, आपण न आल्यास आपल्याला बंडखोर घोषित केले जाईल.

म्हणजे तो शब्द पोरानं आधी वाचला होता आणि तो भ्याला होता. कोर्टानं त्याला गैरहजर म्हटलं तोवर भीतीनं त्याला फरार केलं होतं.

परतीच्या बसमध्ये अक्का एकदाच बोलल्या. "कणगीत जाऊन बसला होता, तवा मी हसले. हसायचं नव्हतं. तवाच त्याला सांगायचं होतं, की कागद उघडून बघायचा असतो."

रविवारी त्या घरी आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, मला फोनवर आवाज भरून पाठवता येत न्हाई, ते दाखवा. आम्हाला बाहेर जायला सांगितलं नाही, म्हणून मी ऐकलं. उभं राहून बोलल्या, साहेबासमोर उभ्या राहाव्यात तशा.

"संगू, अव्वा बोलते. नीट ऐक. तो शब्द बंडखोर न्हाई. मी नांदेडला जाऊन विचारून आले, कायद्याच्या पुस्तकात बघून आले. आपल्याकडं एकतर्फी म्हणतात ना, तसं हाय ते. तू गेला न्हाईस म्हणून तुझ्याबिगर काम चाललंय. गुन्हा न्हाई, पोलीस न्हाई, तुला कुणी शोधत न्हाई. गेला न्हाईस म्हणून तू कबूल केलंस असंबी होत न्हाई. लग्नाचं कळलं. त्याचं मी काही म्हणत न्हाई. भ्यायला मीच तुला शिकवलं, ते माझं चुकलं. आता एवढं कर, जिथं असशील तिथून आवाज दे."

सोबत्यानं तो निरोप तिकडच्या कामगारांच्या ग्रुपवर टाकला. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या. ज्या बाईला अंगठ्याखाली नाव झाकावंसं वाटलं होतं, तिचा आवाज कुठं कुठं गेला कोण जाणे. आठव्या दिवशी तो फिरत फिरत अहमदपूरलाच आला. बार रूममध्ये एका वकिलानं लावला, चारजणांनी ऐकला, आणि एकजण अक्कांच्या टेबलापाशी येऊन म्हणाला की अक्का, हा तुमचाच आवाज वाटतो. अक्कांनी टाइप करायचं थांबवलं नाही.

"हाव," त्या म्हणाल्या. "माझाच हाय. पोरगा सापडंना झालाय."

एक म्हातारा पक्षकार आपला नंबर आला तरी उठला नाही, म्हणाला, बाईच्या पोराचं होऊ द्या आधी, माझा कागद मागनं.

सोळाव्या दिवशी, दुपारी, मी जबाब टाइप करून घेत असताना अनोळखी नंबरवरून अक्कांचा फोन वाजला. पूर्वीच्या अक्का असत्या तर असला फोन उचललाच नसता. त्यांनी उचलला, कानाला लावला आणि काही बोलल्या नाहीत. पलीकडूनही काही येत नसावं. मग त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "जेवलास का?" आणि त्या टेबलाखाली वाकल्या, काहीतरी पडलंय म्हणून शोधल्यासारखं. बराच वेळ वर आल्या नाहीत. मी प्रिंटरकडं बघत बसलो.

संगू दक्षिणेकडं कुठंतरी होता. प्लास्टिकच्या छपराखाली मैलोन् मैल टोमॅटो लावतात, तिथं कामाला. खोलीत सगळे परके, तो कुणाशी बोलायचा नाही. एका दुपारी शेडमध्ये जेवताना पलीकडच्या माणसानं आपल्या फोनवर आलेला एक निरोप मोठ्यानं लावला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, मजेनं लावला होता. संगूनं घास खाली ठेवला. दुसऱ्याच्या फोनमधून त्याची आई त्याला हाक मारत होती. तरी फोन करायला त्याला पुढचे तीन दिवस लागले.

घटस्फोट एकतर्फी झाला. त्याच्या बायकोनं वकिलामार्फत सायलीला कळवलं की मला त्याच्याकडून काही नको होतं, फक्त मोकळं व्हायचं होतं, आणि तो जिवंत आहे हे ऐकून बरं वाटलं. अक्कांनी तिला सायलीकडून उत्तर लिहवलं. काय लिहवलं, ते मी विचारलं नाही.

पण गोष्ट तिथं मिटली नाही. या सगळ्यात संगूच्या राहण्याच्या परवान्याची मुदत निघून गेली होती. आता खरंच कुणी कागद मागितला असता तर त्याच्याकडं दाखवायला नव्हता. नवीन होईल, अर्ज केलाय, वेळ लागेल, असं तो सांगायचा. अक्कांच्या आधीच्या भीतीला निदान नाव चुकीचं होतं. हिला बरोबर नाव होतं आणि त्या ते कधी उच्चारायच्या नाहीत. तरी त्या सरळ रस्त्यानं यायला लागल्या होत्या, ठाण्यावरून. एकदा मी मागं होतो. ठाण्यासमोर त्यांची चाल मंदावली, पण त्या वळल्या नाहीत.

पुढं मी लातूरला वकिली हलवली आणि अहमदपूरचं जाणं तुटत गेलं.

गेल्या वर्षी लातूरच्या बसस्टँडवर त्या दिसल्या. दुपारची वेळ, फलाटावर गर्दी. पायाशी प्रिंटरचा खोका होता, दुरुस्त करून नेत असणार. दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. बोलत नव्हत्या. मी समोर जाऊन नमस्कार केला, तर त्यांनी डोळ्यांनीच ओळख दाखवली आणि हाताचं बोट उचललं, थांबा म्हणून. मी थांबलो. दोन-तीन मिनिटं गेली. त्या तशाच, मान किंचित कलती.

शेवटी मीच हळू आवाजात विचारलं, की पलीकडं कुणी बोलत नाही का.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "संगू हाय. काम करायलाय. फोन खिशात चालूच ठेवतो, तासभर, रोज. बोलायचं न्हाई असं ठरलंय, मुकादम रागावतो." मग फोन माझ्या कानाशी आणला.

प्लास्टिक फडफडल्याचा आवाज येत होता. पाण्याचा पाइप, कुणाची तरी परकी हाक, आणि मधूनमधून, अगदी जवळ, वाकून काम करणाऱ्या माणसाचा श्वास.

अहमदपूरची गाडी लागली. कंडक्टरनं ओरडून गावं सांगितली. मी खोका उचलून आत नेऊन ठेवला. अक्का चढल्या, खिडकीपाशी बसल्या. आता त्यांनी एका हातानं कानाला फोन लावला होता आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं दुसरा कान झाकून घेतला होता. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पलीकडं एखादी गाडी थांबल्यासारखं काहीतरी वाजलं असावं, कारण त्यांचे डोळे एकदम मोठे झाले, आणि मग हळूहळू पुन्हा निवळले.